पायथन अपग्रेड केलं, आता पट्टी निघेना?

कळवणला कांद्याचा व्यापार करता आणि हिशोबपट्टी पायथनच्या स्क्रिप्टवर काढता? मग एवढं ऐकाच. ३.११ वरून ३.१२ वर गेलात की जुनी पॅकेजेस सोबत येत नाहीत. प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर वेगळं असतं. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ काढून टाकलंय, त्यामुळे काही जुनी पॅकेजेस नव्याने बांधतानाही अडतात.

म्हणून अपग्रेडच्या आधीच ‘पिप फ्रीझ’ने यादी फाईलमध्ये काढून ठेवा. मग नव्या आवृत्तीवर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात ती यादी इन्स्टॉल करा. एखादं पॅकेज अडलंच, तर त्याची नवी आवृत्ती घ्या. जुनं लगेच उडवू नका बरं! कालची एक पट्टी दोन्हीकडे काढून बघा, पैशापर्यंत जुळली पाहिजे. आणि हा उद्योग लिलावाच्या दिवशी नकोच, शेतकरी दारात पट्टीसाठी उभा असतो.