फुफ्फुसाच्या अस्तरांतील पहारेकरी

आमच्या नरसिंहपुरास नीरा भीमेला मिळते, आणि इंदापूर-बारामतीच्या मुलखांत या पाण्यावर ऊस पिकतो. रस काढून उरलेलीं चिपाडें गुऱ्हाळावर उन्हांत वाळवून चुलाणांत जाळतात. कारखान्यांत त्यांनाच बगॅस म्हणतात. ढीग ओला राहिला कीं आंतून तापतो, त्यांत सूक्ष्म जंतु वाढतात, आणि ढीग उपसतांना त्यांचे बीजकण धुळीबरोबर उडतात. या धुळीनें जडणाऱ्या फुफ्फुसविकाराचें वर्णन अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनीं कित्येक हंगाम असे ढीग उपसले. त्यांना धाप लागूं लागली तेव्हां 'वय झालें' असें म्हणून आम्हीं विषय संपविला. म्हणणाऱ्यांत मीहि होतों.

एवढ्याशा धुळीचें हें सामर्थ्य कळण्यास फुफ्फुसाच्या तळाशीं गेलें पाहिजे. श्वास शेवटीं जेथें पोहोंचतो त्या कोट्यवधि वायुकोशांचें अस्तर पसरलें तर सुमारें ७० चौरस मीटर भरेल, म्हणजे शाळेचा एक मोठा वर्ग झांकून उरेल. त्यांतील शेंकडा ९५ भाग चपट्या, अतिशय पातळ पेशींनीं व्यापलेला असतो. त्यांतूनच प्राणवायु रक्तांत उतरतो. कोपऱ्याकोपऱ्यांत मात्र दुसऱ्या जातीच्या ठेंगण्या पेशी बसलेल्या असतात, आणि खरी कर्तबगारी त्यांची. वायुकोश मिटूं नये म्हणून लागणारा स्निग्ध द्रव त्या स्रवतात. त्या द्रवांतील कांहीं प्रथिनें जंतूंना चिकटून त्यांच्यावर जणूं खूण करतात, म्हणजे भक्षक पेशींना ते गिळणें सोपें जातें. जंतूंची चाहूल लागतांच याच पेशी रासायनिक संदेश धाडून रक्तांतील श्वेत पेशींचे शिपाई बोलावतात, इतकेंच नव्हे तर जंतूंचे तुकडे त्यांना ओळखीसाठीं दाखवितात. शिवाय चपटी पेशी मेली तर तिची जागा घेणारी नवी पेशी यांच्यांतूनच घडते. पहारेकरी तोच आणि गवंडीहि तोच!

येथेंच घोटाळा होतो. धूळ रोज येऊं लागली कीं रोज आरोळी उठते, शिपायांची गर्दी होते, आणि त्या झटापटींत अस्तरच जखमी होतें. गवंड्यास उसंत मिळत नाहीं. अर्धवट घडलेल्या पेशी तशाच अडकून राहतात, व त्यांच्या संदेशांनीं तंतु विणणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. मग पातळ भिंतीच्या जागीं राठ वण पडतो आणि प्राणवायूची वाट अडते.

कसलीहि धूळ सांपडत नसतां असाच वण पडणारा दुसरा एक रोग उतारवयांत होतो. त्यांतहि शिपाईच दोषी, असें वैद्यकांत फार दिवस समजत, आणि प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें देत. अमेरिकेंतील एका प्रयोगांत प्रेडनिसोन व अझाथायोप्रिन यांसह तीन औषधें एकत्र दिलेल्या रुग्णांत मृत्यु अधिक आढळले. तो उपचार मध्येंच थांबवावा लागला, आणि २०१२ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रोगांत मूळ दुखणें झिजलेल्या गवंड्याचें आहे, असें आतां मानतात. पिर्फेनिडोन व निन्टेडानिब हीं औषधें वण पसरण्याची गति मंदावतात. पडलेला वण पुसत नाहींत. धुळीच्या रोगांत मात्र धूळ टाळणें हाच पहिला उपचार. ती लवकर टळली तर पुष्कळ सांवरतें, आणि तेथें स्टेरॉइडांचाहि बरेचदां उपयोग होतो. म्हणून दोहोंपैकीं रोग कोणता, हें आधीं ठरविण्यास इतकें महत्त्व.

शहरांतील श्रोत्यांस चिपाडें दूरचीं वाटतील. पण वणकारी व तत्सम फुफ्फुसविकारांची भारतांतील २७ केंद्रांत १०८४ रुग्णांवर केलेली पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत जवळजवळ निम्मे रुग्ण श्वासावाटे आलेल्या पदार्थांनीं चिथावलेल्या या विकाराचे निघाले. कूलरमधील बुरशी आणि पक्ष्यांचा सहवास हीं कारणें त्यांत आढळलीं. मुंबईंत २०२५ सालीं दादरचा कबूतरखाना बंद करण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशीं हीच भीति होती. पांखरांना दाणे घालणें पुण्याचें, असें मानून मी वाढलों. मला हें पचनीं पडण्यास वेळ लागला.

शेजाऱ्यांनीं अखेर पुण्यास जाऊन छातीचें स्कॅन करविलें. तेथील डॉक्टरांनीं सर्वांत आधीं 'काम काय करतां?' हें विचारलें. ढिगाचें काम सुटलें, खोकला गेला, धाप थोडी उरली. नरसिंहाच्या घाटाच्या पायऱ्या ते आतां दोनदां बसून चढतात.