सोव्हिएत संघाचे विघटन आणि नव्या राष्ट्रांचा उदय : अंतर्गत सीमारेषांच्या संदर्भात

प्रस्तावना :
डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपुष्टात आला आणि त्याच्या जागी पंधरा सार्वभौम राष्ट्रे उभी राहिली. सोव्हिएत संघात शंभराहून अधिक वांशिक व भाषिक समूह नांदत होते. त्यांपैकी नेमक्या पंधरांनाच राष्ट्र का लाभले, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

घटनेतील कागदी अधिकार :
३० डिसेंबर १९२२ रोजी स्थापन झालेल्या या संघाने घटक प्रजासत्ताकांना बाहेर पडण्याचा हक्क दिला होता. १९७७ च्या घटनेतील कलम ७२ मध्येही तो कायम होता. मात्र हा हक्क केवळ 'संघ प्रजासत्ताक' या दर्जाच्या घटकांना होता. त्याखालील स्वायत्त प्रजासत्ताके व स्वायत्त प्रांत यांना तो नव्हता. १९३६ च्या घटनेच्या वेळी स्टालिनने या दर्जाचे निकष स्पष्ट केले होते. प्रजासत्ताक संघाच्या सीमेवर असावे, कारण चोहोबाजूंनी वेढलेल्या प्रदेशास बाहेर पडता येणेच शक्य नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. व्होल्गाकाठच्या तातारांना या निकषामुळे हा दर्जा नाकारला गेला. जो हक्क कोणी वापरणार नाही असे गृहीत होते, त्याच्यासाठी एवढा काटेकोर विचार व्हावा, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केले, तेव्हा मॉस्कोने ३ एप्रिल १९९० रोजी घाईने कायदा करून सार्वमतात दोनतृतीयांश बहुमत आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ अशा अटी घातल्या. लिथुआनियाची आर्थिक कोंडी झाली. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्निअस येथे लष्करी कारवाईत चौदा नागरिक मृत्युमुखी पडले. या कायद्याच्या मार्गाने एकही प्रजासत्ताक अखेर स्वतंत्र झाले नाही.

१७ मार्च १९९१ च्या सार्वमतावर सहा प्रजासत्ताकांनी बहिष्कार घातला. उर्वरित ठिकाणी सुमारे ७६ टक्के मते संघ टिकवण्याच्या बाजूने पडली. मध्य आशियात तर हे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. ऑगस्टमधील फसलेल्या सत्तापालटानंतर मात्र केंद्रच निष्प्रभ झाले. १ डिसेंबर रोजी युक्रेनच्या जनतेने ९० टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्यास मान्यता दिली. ८ डिसेंबर रोजी रशिया, युक्रेन व बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले आणि २१ डिसेंबर रोजी अल्माआटा येथे एकूण अकरा प्रजासत्ताकांनी राष्ट्रकुलाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कझाकस्तानची स्वातंत्र्यघोषणा १६ डिसेंबरची, म्हणजे सर्वांत शेवटची. मध्य आशियास स्वातंत्र्य मिळाले, असे म्हणण्यापेक्षा ते अंगावर येऊन पडले, असे म्हणणे अधिक उचित ठरेल.

प्रशासकीय रेषेची आंतरराष्ट्रीय सीमा :
नव्या राष्ट्रांच्या सीमा कोणी नव्याने आखल्या नाहीत. जुन्या प्रशासकीय रेषाच आंतरराष्ट्रीय सीमा मानल्या गेल्या. युगोस्लाव्हियाच्या बाबतीतही हेच तत्त्व लावले गेले. म्हणून सहा प्रजासत्ताकांना वाट मिळाली, परंतु प्रांताचा दर्जा असलेल्या कोसोव्होची स्वातंत्र्यघोषणा २००८ पर्यंत लांबली.

यातील धोका महाराष्ट्रातील वाचकास बेळगावच्या उदाहरणाने चटकन उमगेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी दोनच वर्षे, फेब्रुवारी १९५४ मध्ये, क्रिमिया रशियाकडून युक्रेनकडे देण्यात आला होता. दोन्ही निर्णय एकाच राज्याच्या पोटातले. बेळगावचा वाद १९६६ च्या महाजन आयोगाकडे आणि २००४ मध्ये महाराष्ट्राच्या दाव्याने सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथील मराठी भाषकांची वेदना खरी आहे; पण नातलगांना भेटण्यासाठी त्यांना पारपत्र लागत नाही. क्रिमियाची रेषा मात्र १९९१ मध्ये दोन राष्ट्रांची सीमा झाली आणि २०१४ मध्ये रशियाने तो प्रदेश बळाने ताब्यात घेतला. आर्मेनियन बहुसंख्य असूनही अझरबैजानात ठेवलेल्या नागोर्नो-काराबाखची कथा याहून दारुण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील एक लाखाहून अधिक आर्मेनियनांना घरदार सोडावे लागले.

भारतीय राज्यघटनेने घटक राज्यांना बाहेर पडण्याचा हक्क दिला नाही. उलट अनुच्छेद ३ अन्वये सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला. सोव्हिएत घटनेनुसार प्रजासत्ताकाच्या संमतीविना त्याची सीमा बदलता येत नसे. संघराज्याची उभारणी कोणत्या कलमांवर होते, यास असे महत्त्व असते.

भारतापुढील व्यवहार :
कर्जत तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो त्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात आणि नाशिकजवळच्या ओझर येथील मिग विमानांच्या कारखान्यात सोव्हिएत तंत्रज्ञान नित्याचे होते. पुरवठादार राज्यच नाहीसे झाल्यावर सुटे भाग कोणाकडे मागावयाचे आणि कर्ज कोणास फेडावयाचे, हे प्रश्न उभे राहिले. कर्जाबाबत येल्त्सिन यांच्या जानेवारी १९९३ मधील भारतभेटीत रशियाशी करार झाला. सुट्या भागांचा प्रश्न एवढा सरळ नव्हता. भारतीय वायुसेनेची एएन-३२ विमाने कीव्ह येथे बनलेली, म्हणजे आता युक्रेनची; इल्युशिन-७६ ताश्कंदची, म्हणजे उझबेकिस्तानची. जी खरेदी पूर्वी एका मॉस्कोशी बोलून होत असे, तिच्यासाठी आता निरनिराळ्या राजधान्यांची दारे ठोठवावी लागली.