जुनी हिमालयन घेताय? इंजिन नंतर ऐका, आधी हँडल फिरवून बघा

पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याकडे जाणाऱ्या दुचाकींच्या रांगेत एक गाडी हमखास दिसते. उंच, काटक, पुढचं चाक भलं मोठं, टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. ही रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. मार्च २०१६ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा महाराष्ट्रातली शोरूम किंमत १ लाख ५५ हजारांच्या आसपास होती. २०२३ च्या अखेरीस तिची जागा नव्या ४५० सीसीच्या हिमालयनने घेतली आणि ४११ बंद झाली.

बंद झाली तरी विचारणा थांबलेली नाही. कारण सरळ आहे. नवी ४५० आली तीच २ लाख ६९ हजारांपासून. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला. आधी तो सेस धरून ३१ टक्के होता. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्या स्वस्त झाल्या, ही मात्र आणखी लांब गेली. त्यामुळे खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या तरुणाच्या हिशेबात बसते ती जुनी ४११, लाख-सव्वा लाखाच्या घरात मिळणारी. हे पैसेसुद्धा पुष्कळदा पतसंस्थेच्या कर्जाचे असतात. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांत आणखी वीस हजार घालावे लागले तर हप्ता आणि गॅरेज दोन्ही एकदम अंगावर येतात.

आणि नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात. गाडी बघायला जातात ते सोबत मित्र घेऊन. मित्र इंजिन सुरू करतो, दोनदा रेस करतो, कान लावतो आणि सांगतो, ‘इंजिन एकदम ओके.’ सौदा तिथेच ठरतो. खरं तर या गाडीत सगळ्यात कमी काळजीची गोष्ट कोणती असेल तर ती इंजिन.

का, ते आकड्यांवरूनच कळतं. ४११ सीसीचं एकच सिलिंडर. बोअर ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८६, म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा जास्त. अशी इंजिनं फार फिरत नाहीत, पण खालच्या फेऱ्यांत ओढतात. ताकद जेमतेम साडेचोवीस हॉर्सपॉवर. ३७३ सीसीचं केटीएम ३९० चं इंजिन आकाराने लहान असूनही याच्या जवळपास पावणेदोन पट ताकद काढत होतं. हिमालयनच्या इंजिनावर ताण कमी, म्हणून ते टिकतं. पाण्याचा रेडिएटर नाही, थंड करायला हवा आणि तेल. व्हॉल्व्ह दोनच. टॅपेट सेट करायला पाना आणि फीलर गेज पुरतो, गावातला जाणता मिस्त्रीही ते करतो. वेळेवर तेल बदललेलं असेल तर ५०-६० हजार किलोमीटर झालेलं इंजिन घ्यायला घाबरायचं कारण नाही. टॅपेटचा हलका ‘टिकटिक’ आवाज या गाडीचा स्वभावच आहे. खालून जड ठोके ऐकू आले किंवा सायलेन्सरमधून निळा धूर निघाला तर मात्र पुढे बोलूच नये.

याची दुसरी बाजू म्हणजे गाडी सावकाश. शंभरच्या पुढे महामार्गावर ती थकते, आणि १९९ किलो वजन घेऊन पुण्याच्या रस्त्यावर कुणाला मागे टाकायचा हट्ट धरणाऱ्याने दुसरी गाडी बघावी.

कोणत्या सालची गाडी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१६ च्या पहिल्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, आणि मालकांच्या तक्रारी सगळ्यात जास्त त्यांच्याच. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस. जानेवारी २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत मागचा एबीएस कच्च्या रस्त्यावर बंद करता येतो. लाल मातीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू द्यावं लागतं, तेव्हा ही सोय फार कामाची. पैशात थोडाच फरक असेल तर २०२० नंतरची गाडी घेणं शहाणपणाचं. पहिल्या सालातली गाडी कितीही चकाचक असली तरी स्वस्तात पडते म्हणून घेऊ नये.

आता येऊ हँडलवर.

गाडी डबल स्टँडवर घ्यायची. ४११ ला तो कंपनीकडूनच येतो. मागे एकाने दाबून धरायचं म्हणजे पुढचं चाक अधांतरी होतं. मग एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. ते लोण्यासारखं फिरलं पाहिजे. बरोबर मध्ये, चाक सरळ असताना, खाचेत अडकल्यासारखं थांबत असेल तर कोनसेट गेला. गाडी धावते बहुतांश सरळ, पुढचं २१ इंचाचं चाक खड्ड्यांचे दणके वर पाठवतं, आणि ते सगळे बेअरिंगच्या गोळ्यांच्या एकाच जागेवर बसतात. तिथे कप खणला जातो. त्यात पाणी शिरलं की गंज चढतो आणि मग हँडल आपलं आपण ठरवतं कुठे जायचं ते. मूळ गोळ्यांचा कोनसेट गेल्यावर बरेच मालक त्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवून घेतात. ते जास्त टिकतं, पण ग्रीस वेळेवर भरलं तरच. त्याच अवस्थेत पुढच्या शॉकअपचे खालचे पाय धरून मागे-पुढे ढकलून बघायचे. खटखट जाणवली तर सैल आहे.

मागे गेलं की मागच्या धरायच्या दांड्याला पकडून गाडी जरा वर उचलायची आणि सोडायची. ‘टक’ असा आवाज आला, हाताला ढिलेपणा लागला तर लिंकेज बोलतंय. हिमालयनला मागे एकच शॉक आहे आणि तो लिंकेजच्या सांध्यांवर काम करतो. हे सांधे इंजिनच्या मागे, चाकाच्या पुढे, म्हणजे बरोबर चिखलाच्या माऱ्यात. तिथे ग्रीस लागतं हे अर्ध्याअधिक मालकांना माहीतच नसतं. सर्व्हिसिंगमध्ये सांगितल्याशिवाय ते कुणी उघडतही नाही, कारण काम वेळखाऊ आहे. तीन पावसाळे कोरडे गेलेले सांधे उघडले की आतून लाल पावडर निघते. मग बुश आणि बेअरिंग बदलावेच लागतात. उद्यमबागेत लेथवर बुश करून मिळतो खरा, पण ती तात्पुरती मलमपट्टी. मूळ पार्टच घालावा.

गंमत अशी की यात सर्वांत मोठा गुन्हेगार चोर्ल्याचा पाऊस नाही, वॉशिंग सेंटरची प्रेशर गन आहे. पावसाचं पाणी वरून पडतं, बाहेरून वाहून जातं. गन मात्र सीलच्या आतून पाणी घुसवते आणि ग्रीस धुऊन काढते. रोज चकाचक धुतलेली गाडी म्हणूनच कधीकधी मळक्या गाडीपेक्षा वाईट निघते.

चाकांचे स्पोक एकेक करून छोट्या पान्याने ठोकायचे. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादा ‘थप्’ वाजला तर तो सैल, आणि एक सैल असला की शेजारचे दोन तुटायच्या वाटेवर असतात. ट्यूबचे टायर असल्यामुळे पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं. कणकुंबीच्या पुढे रात्री काटा घुसला तर बाहेरून दट्ट्या मारून सुटका नाही. शिवाय २१ इंचाचा टायर किंवा ट्यूब प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. एक ट्यूब सोबत ठेवणं ही या गाडीची अलिखित अट आहे.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी २०१९ ची, मीटरवर १४ हजार, पण टायर २०२३ चा, तर मग पहिला टायर कुठे गेला, हे विचारायचं. मीटरचा कन्सोल बदलता येतो, त्यामुळे आकड्यापेक्षा पायाखालचं रबर, डिस्कची झीज आणि स्प्रॉकेटचे दात जास्त खरं बोलतात. दात शार्कच्या पंखासारखे वाकलेले असतील तर चेन-सेट संपला. नीट तेल घातलेली चेन २०-२५ हजार किलोमीटर जाते. लाल चिखलात तेल न घालता पळवली तर निम्मीही नाही. कन्सोलमधल्या डिजिटल होकायंत्राबद्दल मात्र वाद घालू नये. ते अनेक गाड्यांत उत्तरेला दक्षिण म्हणतं आणि मालक त्यावर हसून गप्प बसतात.

चेन-स्प्रॉकेट, दोन टायर, कोनसेट, बॅटरी हे सगळं एकदम आलं तर पंधरा हजारांच्या पुढे सहज जातं. म्हणून ही तपासणी भाव करण्याच्या आधी, नंतर नव्हे.

मडगाव, म्हापसा, सावंतवाडीकडून येणाऱ्या गाडीकडे आणखी बारकाईने बघावं लागतं. खारा वारा काय करतो याचा एक पुरावा परदेशातला आहे. २०२० मध्ये कंपनीने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे १५,२०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात हिमालयन होती आणि ६५० सीसीच्या दोन गाड्याही. कारण होतं थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजणारे ब्रेक कॅलिपर. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण किनाऱ्यावर ते हवेतच असतं. कॅलिपर, स्पोकची टोकं, सायलेन्सरचा जोड आणि हेडस्टॉकजवळचं वेल्डिंग टॉर्च लावून बघावं. रंगाखालून निघालेली लालसर बारीक रेघ म्हणजे गंज असू शकतो किंवा तडाही. पुढे-मागे लोखंडी रॅक लावून सामान लादलेल्या गाडीत हे पहिल्यांदा तपासायचं.

गोव्यात आणखी एक भानगड. तिथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या हिमालयन भरपूर आहेत. काही वर्षांनी त्या खासगीत बदलून विकता येतात, आणि पाटी पांढरी झाली की चेहरा ओळखू येत नाही. पर्यटकाने चालवलेल्या गाडीचा क्लच कसा असेल हे सांगायला नको. आरसीवरचा पूर्वेतिहास परिवहन कार्यालयातून काढून घ्यावा.

मग येतात कागद, आणि सीमाभागातल्या माणसाचं खरं गणित इथे अडकतं. कोल्हापूरची एमएच-०९ किंवा गोव्याची गाडी बेळगावात शोरूमच्या पलीकडच्या गल्लीतल्या गाडीपेक्षा स्वस्त दिसते. पण ती इथे कायम वापरायची तर मूळ आरटीओची ना-हरकत लागते, फॉर्म २८. बारा महिन्यांच्या आत केए-२२ चा नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म २७. आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो, जो देशातल्या चढ्या दरांपैकी एक आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो आणि मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. पण परतावा मागायला तिकडे खेपा घालाव्या लागतात, आणि बरेच जण कंटाळून तो सोडून देतात. दहा हजारांनी स्वस्त पडलेली गाडी अशी शेवटी महाग होते. गाडीवर कर्ज होतं का, ते फिटलं तर बँकेचं फॉर्म ३५ मिळालं का आणि दंडाची चलनं बाकी आहेत का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते बनतं उसापासूनही, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या शिवारातून. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात महिना-महिना उभी ठेवलेली ४११ सुरू होताना अडखळली तर इंजेक्टरवर संशय घेण्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल बदलून बघावं.

राहता राहिला विमा. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, तर ३५० च्या वरचा २,८०४, त्यावर कर वेगळा. ४११ ला फक्त ६१ सीसीमुळे दुप्पट भरावा लागतो, दरवर्षी. जुन्या मालकाच्या नावावरची पॉलिसी गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. घाटात गाडी पडली आणि पॉलिसी अजून कोल्हापूरच्या माणसाच्याच नावावर असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते.