कायटोसान : अँटिऑक्सिडंट गुण आणि चिकित्सेतील मर्यादा

कायटोसानच्या कॅप्सूल घेऊन येणारे रुग्ण वैद्यांना हमखास विचारतात, "हे कोळंबीच्या कवचापासून करतात, म्हणजे शंखभस्मासारखेच ना?" उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण वैद्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

शंख वा शुक्ती यांचे भस्म करताना सेंद्रिय अंश जळतो व चुन्याचा अंश उरतो. कायटोसानची कृती नेमकी उलट. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळवून टाकतात, अल्कलीने प्रथिने काढतात. मागे राहते ते कायटिन. तीव्र दाहक सोड्यात तापवून त्याचे ॲसिटिल गट काढले की कायटोसान सिद्ध होते. (कायटिन प्रथम १८११ मध्ये सापडले ते मात्र अळंब्यांत!) तेव्हा भस्माचे गुण यास लावणे सर्वथा अनुचित होय.

कायटोसानचे अमिनो व हायड्रॉक्सिल गट मुक्त मूलकांना हायड्रोजन देऊन निष्प्रभ करतात, तसेच लोह व तांबे यांचे आयन बांधून ऑक्सिडीकरण मंदावतात. परंतु लांब साखळीत हे गट परस्परांतील बंधांत गुंतलेले असतात. म्हणून साखळी तोडून केलेले अल्प रेणुभाराचे कायटोसान परीक्षानळीत अधिक प्रभावी ठरते. मोठ्या रेणूचे कायटोसान जठरातील आम्लात विरघळते, आतड्यात पुन्हा साकळते व फारसे शोषले जात नाही. अशा द्रव्यास केवळ परीक्षानळीच्या आधारे 'रसायन' म्हणणे आम्हांस मान्य नाही.

आतड्यातील त्याचे कार्य मात्र खरे आहे. ते स्निग्धांश व पित्तक्षार बांधते. रोज ३ ग्रॅम मात्रेने रक्तातील कोलेस्टेरॉल योग्य पातळीवर राहण्यास साहाय्य होते, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये ग्राह्य धरला. वजन घटवण्याची जाहिरात तेवढी विश्वसनीय नाही. बाह्योपचारात स्थिती अधिक आश्वासक असून रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत कायटोसान प्रत्यक्ष वापरात आहे.

कवचयुक्त जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांस ते देऊ नये. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णात त्या औषधाचा परिणाम वाढल्याची नोंद आहे. स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वांचे शोषणही घटू शकते. शाकाहारी रुग्णास द्रव्याचे मूळ आधी सांगावे. बुरशीपासून केलेले कायटोसानही मिळते.