हादरा ठरविते ती पायाखालची माती

भूकंपाचे परिमाण एकच असले, तरी एकाच नगरातील दोन वस्त्यांना बसणारा हादरा सर्वस्वी भिन्न असू शकतो, आणि म्हणूनच नगराच्या भूकंपधोक्याचा अंदाज बांधताना भूगर्भातील भेगांइतकाच पायाखालच्या मातीचाही तपशील दफ्तरी असावा लागतो, याचा सर्वांत बोलका दाखला मेक्सिको सिटीचा आहे. 19 सप्टेंबर 1985 रोजी सकाळी झालेल्या, सुमारे 8 परिमाणाच्या भूकंपाचे केंद्र या राजधानीपासून 350 किलोमीटरांहून दूर, पॅसिफिक किनाऱ्यालगत होते. इतक्या अंतराने लाटांचा जोर ओसरावा, आणि दक्षिणेकडील लाव्हाच्या कठीण खडकावर वसलेल्या विद्यापीठाच्या आवारात तो ओसरलाही. परंतु जुन्या तेश्कोको सरोवराच्या तळी साचलेल्या, पाण्याने ओथंबलेल्या चिकणमातीवरील दळणवळण खात्याच्या आवारातील यंत्राने विद्यापीठातील नोंदीच्या चौपटीहून अधिक त्वरण नोंदविले. ती माती दर दोन सेकंदांस एक अशा लयीने हेलकावत राहिली, आणि साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या ज्या इमारतींची स्वतःची लय तिच्याशी जुळली, त्यांचीच सर्वाधिक हानी झाली. ठेंगणी घरे मात्र बव्हंशी तगली. किती विलक्षण गोष्ट ही! तेथील बांधकामाचे नियम आज टेकडी, संक्रमण व सरोवर असे तीन विभाग मानतात.

आपल्याकडे भूकंपधोक्याच्या नकाशावर किल्लारीचा मुलूख 1993 च्या भूकंपापूर्वी सर्वांत सौम्य विभागात गणला जात होता. तेव्हा केवळ नकाशावर विसंबणे मला अपुरे वाटते. नवे घर घेताना जागेच्या माती-परीक्षणाचा अहवाल विकासकाकडे आग्रहाने मागावा, ही कळकळीची विनंती.