मार्कांचा हिशेब (लेखांक 5) : त्रेचाळीस की त्रेपन्न?

अभ्यासक्रमाचे घटक पाडायचे, एकाचा पेपर जानेवारीत, दुसऱ्याचा जूनमध्ये घ्यायचा आणि मार्क साठवत न्यायचे, ही इंग्लंडची पद्धत आपण मागच्या लेखात पाहिली. पुन्हापुन्हा पेपर देऊन मार्क वाढवण्याबद्दल तिच्यावर भरपूर टीका झाली. मला तिचं खरं दुखणं वेगळंच वाटतं, आणि ते 2012 साली उघड्यावर आलं.

आपल्याकडे दहावीला 35 मार्क म्हणजे पास. हा काठ ठरलेला. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या जीसीएसईत ग्रेडचा काठ पेपर तपासून झाल्यावर ठरतो. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या इंग्रजीच्या सोप्या स्तरावरच्या पेपरला जानेवारीत सी ग्रेडसाठी 80 पैकी 43 मार्क पुरले. जूनमध्ये त्याच घटकाला 53 लागले. पुढच्या शिक्षणाची आणि नोकरीची बरीच दारं तेव्हा इंग्रजीतल्या सीवर उघडत, म्हणून ऑगस्टमध्ये निकाल लागताच गदारोळ उडाला.

झालं होतं असं. जानेवारीत पेपर देणारी मुलं थोडी, अभ्यासक्रम नवा. मंडळाने अंदाजाने काठ ठरवला आणि तो जाहीर झाला. एकूण गुणांपैकी 60 टक्के गुण वर्गातच करून घेतलेल्या कामाचे, तपासणारे शाळेचेच शिक्षक. सी मिळणाऱ्या मुलांच्या संख्येवर शाळेची क्रमवारी ठरत असे. काठ आधीच माहीत असल्यावर कुठल्या मुलाला किती मार्क कमी पडतायत, हे शिक्षकांना दिसत होतं. मार्क नेमके काठाच्या जरा वर येऊन साचले. ऑफक्वॉल या नियामक संस्थेने म्हटलं, जूनचा काठ बरोबर होता, जानेवारीचाच सैल होता. हिशेबाने ते पटतं. पण जानेवारीच्या सैलपणाची वसुली जूनच्या मुलांकडून झाली, त्याचं काय?

शाळा, नगरपालिका आणि विद्यार्थी कोर्टात गेले. फेब्रुवारी 2013 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. मुलांवर अन्याय झाला हे न्यायाधीशांना दिसत होतं, पण त्याचं मूळ त्यांनी परीक्षेच्या रचनेतच दाखवलं. अख्खी परीक्षा पुढ्यात नसताना तिच्या एका तुकड्याचा काठ कायमचा ठरवायचा, हीच ती रचना. (जीसीएसईतले घटक बंद करून सगळे पेपर शेवटी घ्यायचं सरकारने या वादाआधीच ठरवलं होतं, हे इथे नोंदवायला हवं.)

वेल्समध्ये वेगळंच घडलं. तिथले शिक्षणमंत्री लेटन अँड्र्यूज यांनी वेल्सच्या मंडळाला निकाल पुन्हा लावायला सांगितलं आणि दोन हजारांहून अधिक मुलांची ग्रेड वाढली. त्याच मंडळाची परीक्षा इंग्लंडमधल्या शाळांतूनही मुलांनी दिली होती. त्यांची ग्रेड होती तीच राहिली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा पेपर द्यायची मुभा तेवढी मिळाली.

(पुढील आठवड्यात : 2020 साली परीक्षाच झाल्या नाहीत, तेव्हा वेल्सने जपून ठेवलेले अकरावी-बारावीचे घटक कसे कामी आले.)