सरकार नावाचा घरमालक

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा बोलबाला झाला तो क्षेत्रफळाचा. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ४० मजली इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरात, तेही फुकट. तीन पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना हे घर मिळाले याबद्दल कुणाच्या मनात किंतु असू नये. पण त्या दिवशी झालेला मोठा बदल फुटांत मोजता येत नाही. शंभर वर्षांचा भाडेकरू मालक झाला आणि शंभर वर्षांचा घरमालक, म्हणजे सरकार, मोकळा झाला. चावीबरोबर देखभालीची जबाबदारीही हातात पडली. ती सरकारला स्वस्तातली साधी इमारत असतानाही नीट पेलली नव्हती.

या चाळींचा जन्मच हिशेब चुकून झालेला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावून पैसा उभा करायचा, असा बेत होता. प्रत्यक्षात खर्च फुगला, परवडेल अशा भाड्यात तो निघेना, आणि जेमतेम एक तृतीयांश काम करून खाते थांबले. उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच होत्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग झाला. पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी त्या भरल्या आणि त्यांतून मुंबईचे कितीतरी राजकारण, नाटक, कबड्डी आणि १९७४ च्या वरळी दंगलीसारख्या जखमाही निघाल्या. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे.

त्यापेक्षा मला चाळीच्या रचनेत अधिक रस वाटतो. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, संडास-मोरी सामाईक. एका चाळीत ८० बिऱ्हाडे. अंधारी, कोंदट, राहायला कठीण. पण देखभाल करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. लिफ्ट नाही, अग्निशमनाची यंत्रणा नाही. जिने, गच्ची, नळ आणि सांडपाण्याचे पाइप सांभाळले की झाले. तरी गळती मुरत गेली, सळया गंजल्या, स्लॅबचे पोपडे पडले. कारण उघड आहे. भाडे नाममात्र राहिले, ते वाढवण्याची हिंमत कोणत्याच सरकारला झाली नाही, आणि दुरुस्तीचा पैसा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात रस्ते-पुलांच्या रांगेत मागे उभा राहिला. दरम्यान याच खोल्या हातोहात विकल्या जात होत्या. कागदावर सरकारी, व्यवहारात खासगी. हे व्यवहार नियमित करण्याची वेळ शेवटी सरकारवर आलीच. म्हणजे खासगीकरण पुनर्विकासाने आणलेले नाही. खोलीची किंमत आधीच खासगी झाली होती, फक्त गळका पाइप तेवढा सरकारचा उरला होता.

यावर असे म्हटले जाईल की बीडीडीला खासगीकरण म्हणणे अन्याय आहे. इथे जमीन बिल्डरला आंदण दिलेली नाही. म्हाडा स्वतः योजना राबवते, मोठ्या कंपन्या केवळ ठेकेदार आहेत, आणि विक्रीच्या इमारतींतून पुनर्वसनाचा खर्च निघणार आहे. हे खरे आहे, आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचा अनुभव पाहता ही रीत पुष्कळ बरी आहे. पण विक्रीच्या घरांतून बांधकामाचा खर्च एकदाच निघतो. देखभालीचा खर्च दरमहा येतो, आणि इमारत म्हातारी होईल तसा वाढतो.

चाळीस मजली इमारत ही मुळात एक यंत्रणा आहे. पंप बंद पडला की वरच्या मजल्यावर पाणी नाही, आणि लिफ्ट बंद पडली की म्हातारा माणूस घरात कैद. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी धरली आहे. मुंबईतल्या सुस्थितीतल्या सोसायट्याही हे पैसे गोळा करताना मेटाकुटीला येतात. टॉवरमधले सगळेच हे भरतात, मग बीडीडीवाल्यांचे वेगळे काय, असे कुणी विचारेल. वेगळे हे की विकत घेणारा आपली ऐपत पाहून टॉवर निवडतो. इथे किती मजले हवेत हे रहिवाशाच्या ऐपतीने ठरले नाही, जमिनीतून विक्रीसाठी किती जागा मोकळी करायची यावरून ठरले. पहिली काही वर्षे देखभाल म्हाडा करणार असे जाहीर झाले आहे. पण लिफ्ट बदलण्याची वेळ त्या वर्षांत येत नाही, नंतर येते.

तेव्हा काहीजण घर विकतील किंवा भाड्याने देतील. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरे भाडेकरूंना सवलतीत मिळाली, आणि त्यांतली पुष्कळ पुढे खासगी घरमालकांकडे जाऊन जास्त भाड्याने लागली. इथेही तसे झाले तर शिवडी वगळून उरलेल्या तीन ठिकाणच्या १५,५९३ कुटुंबांपैकी काहींचे भले होईल, शहराच्या हातून मात्र तितकीच सरकारी भाड्याची बिऱ्हाडे गेलेली असतील. आज कामासाठी मुंबईत येणाऱ्या माणसाला १९२० सालच्या गिरणी कामगाराइतकीच भाड्याची खोली हवी आहे. त्याच्यासाठी या योजनेत एकही खोली नाही. भाड्याने द्यायचा थोडा भाग सरकारने विक्रीच्या इमारतींत स्वतःकडे ठेवला असता आणि ते भाडे पुनर्वसन इमारतींच्या दुरुस्ती निधीला जोडून दिले असते, तर दोन्ही प्रश्नांना हात लागला असता. पण त्यासाठी सरकारला पुन्हा घरमालक व्हावे लागेल, भाडे वेळच्या वेळी वाढवावे लागेल आणि थकवणाऱ्याला नोटीस द्यावी लागेल. आणि शंभर वर्षांत त्याने टाळले ते नेमके हेच.